तीव्र निषेध, सिंगल कॉलम

२००७ च्या मार्चमध्ये मी एका मराठी पेपरात रात्रपाळीला होते आणि देश-विदेशचं पान माझ्याकडे असायचं. पान म्हणजे नावाला पान, जाहिरात आली की अर्धं व्हायचं, साड्यांचा सेल लागला की पाव. २१ मार्चच्या रात्री पीटीआयवर नेपाळची बातमी पडली, तराईतल्या गौर गावात दोन गटांत हाणामारी, वीस-पंचवीस माओवादी ठार, आकडा वाढतोय. आता तो आठवडा आठवा. वेस्ट इंडीजमध्ये वर्ल्ड कप, आपण बांगलादेशकडून हरून बसलेलो, त्यात पाकिस्तानचे कोच बॉब वूल्मर १८ तारखेला जमैकाच्या हॉटेलात गेलेले, सगळं डेस्क एकाच प्रश्नावर अडकलेलं, खून की नैसर्गिक. मुख्य उपसंपादकांनी माझ्या स्क्रीनकडे न बघताच सांगितलं, "नेपाळ ना? सिंगल घे." घेतली. चौदा ओळी झाल्या, चौकटीत बसेनात म्हणून शेवटच्या दोन उडवल्या आणि पान सोडलं.

शेवटच्या ओळी उडवायला कधीच वाईट वाटायचं नाही, कारण तिथे प्रतिक्रिया असायच्या. जगात कुठेही समझोता चालू असताना गोळीबार झाला की तासाभरात त्या यायला लागायच्या आणि त्यांची भाषा ठरलेली. आधी नुसती चिंता, मग तीव्र चिंता, मग गंभीर चिंता. त्याच्या वर निषेध, तीव्र निषेध, आणि अगदीच डोक्यावरून पाणी गेलं तर अत्यंत कठोर शब्दांत निषेध, ज्यात ते कठोर शब्द मात्र कुठे सापडायचे नाहीत. मग सर्व बाजूंनी संयम बाळगावा. मग शांतता प्रक्रिया रुळावरून घसरू देऊ नये, या वाक्यावर तर आमच्याकडे रोज कोणीतरी बोलायचंच की हार्बरला डबा घसरला तर निदान मोटरमन तरी सापडतो. मी श्रीलिपीत, म्हणजे आमच्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये, एक फाइलच करून ठेवली होती, नाव 'निषेध', आत वाक्यं तयार, फक्त देश बदलायचा. श्रीलंका, सुदान, पॅलेस्टाइन, नेपाळ. आज सांगताना कसंतरी होतं, पण तेव्हा मला त्याचं कौतुक होतं, किती फास्ट काम करते मी वगैरे.

रात्री दीड-दोनला ऑफिसची ड्रॉपची गाडी मला दहिसरला सोडायची आणि गेट उघडायला दाजू यायचा. दाजू आमचा वॉचमन, पश्चिम नेपाळातल्या अछामचा. बिल्डिंगमधले सगळे त्याला सवयीने बहादूर म्हणायचे, मी त्याच्या भाषेतलं दाजू म्हणायला लागले, म्हणजे मोठा भाऊ, तर आई पहिल्यांदा ऐकून उखडलीच, "अगं वॉचमनला दाजी काय म्हणतेस, कुठल्या बहिणीचा नवरा तुझ्या?" मग तीही दाजू म्हणायला लागली, पण तिच्या तोंडी शेवटपर्यंत ते दाजीच राहिलं आणि तो त्याला ओ द्यायचा.

त्या रात्री त्याने गेट नेहमीसारखं लगेच उघडलं नाही. कडीवर हात ठेवून उभा राहिला. केबिनमध्ये रेडिओ चालू होता, आवाज बारीक केलेला.

"ताई, गौर में कितना मरा?"

"पच्चीस के ऊपर बोलते हैं."

"तो अब वो लोग कैंप से बाहर आएगा."

एवढंच बोलला आणि कडी सरकवली. मला त्या वाक्याचा काही अर्थच लागला नाही. म्हणजे बघा, चार तासांपूर्वी ती बातमी मी लिहिलेली, हेडिंग माझं, आणि वॉचमन काय म्हणतोय ते समजायला मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन जुन्या कॉप्या काढाव्या लागल्या.

तर ते असं होतं. नेपाळात १३ फेब्रुवारी १९९६ ला माओवाद्यांनी युद्ध पुकारलं, दहा वर्षं चाललं, तेव्हा आम्ही मृतांचा आकडा तेरा हजार लिहायचो, नंतर सरकारनेच तो सोळा-सतरा हजारांवर नेला. एप्रिल २००६ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, राजा ग्यानेंद्रला संसद परत बोलवावी लागली, आणि २१ नोव्हेंबर २००६ ला पंतप्रधान गिरिजाप्रसाद कोइराला आणि माओवाद्यांचे नेते प्रचंड यांनी शांतता करारावर सह्या केल्या. करारात असं ठरलं की माओवाद्यांचे सगळे लढवय्ये छावण्यांमध्ये राहायला जातील, सात मोठ्या छावण्या आणि प्रत्येकीला तीन-तीन छोट्या. बंदुका लोखंडी कंटेनरमध्ये. कंटेनरला एकच कुलूप आणि त्याची किल्ली, हे वाचून मी खुर्चीतच सरळ झाले, माओवाद्यांकडेच. संयुक्त राष्ट्रांकडे काय, तर सायरन, दिवे, कॅमेरा आणि रजिस्टर. कुलूप उघडलं तर बोंब होईल, इतकंच.

हे काय कामाचं, असं मी दाजूला विचारलंसुद्धा. तर तो हसायला लागला. आमच्या सोसायटीत तेव्हा गच्चीवरून दोन पार्ट्या पडल्या होत्या, ए विंगवाले म्हणायचे बी विंगवाले वर दारू पितात, बीवाले म्हणायचे एवाल्यांनी गच्चीत डिश अँटेना ठोकून पाणी गळवलं, कुलूप दोनदा तुटलं, मीटिंगमध्ये एकाने दुसऱ्याची कॉलर धरली. शेवटी तोडगा काय निघाला, तर किल्ली सेक्रेटरीच्या घरी आणि रजिस्टर दाजूकडे. कोण वर गेलं, किती वाजता, कधी उतरलं. "चाबी किसी के पास भी रहने दो ताई, लिखता कौन है वो देखने का." त्याचं अक्षर भयंकर होतं, पण त्या रजिस्टरमुळे गच्चीतली भांडणं खरंच कमी झाली, हे मी कबूल करते.

शिवाय त्याला एका गोष्टीचा भारी आनंद होता. संयुक्त राष्ट्रांचं मिशन सुरक्षा परिषदेने मंजूर केलं २३ जानेवारी २००७ ला, ठराव क्रमांक १७४०, त्याचं नाव अनमिन. पण पाहणी करणारी माणसं पोचायला वेळ लागणार होता, तोवर कंटेनरपाशी थांबणार कोण? तर भारतीय आणि ब्रिटिश सैन्यातून रिटायर झालेले नेपाळी गुरखे गोळा केले, शंभरेक जण. दाजू हे बिल्डिंगमध्ये भेटेल त्याला सांगायचा, यूएनला पण शेवटी गुरखाच ठेवावा लागला. "तुम पण गुरखा है क्या?" असं तिसऱ्या मजल्यावरच्या शहाकाकांनी विचारलं तर म्हणाला, "नहीं सेठ, मैं गुरखा नहीं, पर बंबई में चलता है."

आता गौर. एकाच मैदानात, एकाच दिवशी, दोन सभा. एक माओवाद्यांची, दुसरी मधेशी जनाधिकार फोरमची. मधेशी म्हणजे तराईतले, आपल्या बिहार-यूपीच्या बाजूला राहणारे, त्यांची तक्रार अशी की नव्या अंतरिम घटनेत पहाडी लोकांनी आम्हाला धरलंच नाही, जानेवारीपासून तिथे आंदोलन पेटलेलं, लाहानला एक शाळकरी मुलगा माओवाद्याच्या गोळीने गेलेला. त्यामुळे दोन मांडव समोरासमोर लागले तेव्हा पुढे काय होणार हे गावातल्या पोरालाही कळत असणार. सत्तावीस माणसं मेली. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाची माणसं तिथे गेली, चौकशी केली आणि पुढच्या महिन्यात अहवाल काढला, त्यात होतं की बहुतेक जण गोळीने नाही, डोक्यात मार बसून मेले. काहींना पळताना गाठून बाजूच्या गावात मारलं. पोलीस होते, बघत होते. दोन्ही सभांची कल्पना प्रशासनाला आधीपासून होती.

तो अहवाल माझ्या फीडवर आला होता. मी घेतला नाही. त्यात नवीन काही नाही, माणसं महिन्यापूर्वीच मेलीत, असा माझा हिशोब. निषेधाच्या चिठ्ठ्या मी पळत छापत होते आणि निषेधानंतर कोणीतरी खरोखर गावात जाऊन, प्रेतं मोजून, कोणाच्या डोक्याला कुठे जखम हे लिहून आणलं, तर ते मी टाकून दिलं. मला या सगळ्या प्रकरणात सांगायचंय ते इतकंच आहे बहुतेक, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

कारण दाजूची भीती काय खोटी नव्हती. हजारो लढवय्ये छावण्यांत, किल्ली त्यांच्याच कमांडरकडे, सत्तावीस साथी ठेचून मारलेले. कुलूप काढायला किती वेळ लागतो? पण कंटेनर उघडले नाहीत. गौरनंतर अकराव्या दिवशी, १ एप्रिलला, माओवादी सरकारात गेले, पाच मंत्री झाले. आता हे निषेधांमुळे झालं का? मला नाही वाटत. परदेशी राजदूतांनी चिंता व्यक्त केली म्हणून कोणी बंदूक खाली ठेवत नाही. प्रचंडला सत्ता दिसत होती, कोइरालांना निवडणूक हवी होती, लोक थकले होते, ही खरी कारणं. पण हेही आहे की अशा दिवशी प्रत्येक बाजूला वाटतं आपल्यावर झालेला अन्याय कोणी बघितलाच नाही, आणि मग तो हिशोब आपला आपण चुकता करावासा वाटतो. तिथे एक तिऱ्हाईत माणूस वही घेऊन बसलेला होता, त्याचा थोडा तरी उपयोग झाला असावा. त्या मिशनच्या शस्त्र पाहणीदारांची संख्या किती मंजूर होती माहितीये? एकशे श्याऐंशी. अख्ख्या देशाला. आणि एकाकडेही शस्त्र नाही.

बरं, निषेध करणारे तरी कोण होते, हे मला फार उशिरा बोचायला लागलं. राजाच्या सैन्याला या युद्धात रायफली कोणी दिल्या? आपण इन्सास दिल्या, अमेरिकेने एम-१६ दिल्या. १ फेब्रुवारी २००५ ला राजाने सगळी सत्ता हातात घेतली, फोन बंद केले, नेते घरात डांबले, तेव्हा कुठे भारत आणि ब्रिटनने शस्त्रं थांबवली. नंतर आपल्याच दिल्लीत नोव्हेंबर २००५ मध्ये माओवादी आणि राजाच्या विरोधातले सात पक्ष यांच्यात बारा कलमी समझोता झाला, म्हणजे आग विझवायलाही आपणच. एप्रिल २००६ मध्ये तर कमाल झाली, २१ तारखेला राजाने अर्धवट माघार घेतली, दिल्लीने घाईघाईने स्वागत केलं, काठमांडूतल्या लोकांनी ती माघार झिडकारली आणि दुसऱ्या दिवशी दिल्लीला सूर बदलावा लागला. मी त्या दोन दिवशी दोन्ही बातम्या लावल्या होत्या, पहिल्या दिवशी स्वागत, दुसऱ्या दिवशी नेपाळी जनतेच्या पाठीशी, आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं, फॉन्ट तोच होता ना.

अमेरिकेचं तर वेगळंच. माओवादी त्यांच्या दहशतवादी यादीत होते. शांतता प्रक्रियेला पाठिंबा, पण ज्यांच्याशी शांतता करायची ते यादीत. एप्रिल २००८ ची निवडणूक झाली, माओवादी सगळ्यात मोठा पक्ष, ऑगस्टमध्ये प्रचंड पंतप्रधान, नंतर २०११ मध्ये त्यांचेच दुसरे नेते बाबुराम भट्टराई पंतप्रधान, आणि यादीतून नाव निघालं सप्टेंबर २०१२ मध्ये. दाजूला मी हे सांगितलं तर म्हणाला, पुलिस स्टेशन में भी ऐसा ही है, फोटो एक बार लगा तो निकालता कौन है.

निवडणुकीपर्यंतचं ते वर्ष मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. निवडणूक जूनमध्ये होणार होती, ती नोव्हेंबरवर गेली, मग तिथूनही ढकलली. २ सप्टेंबरला काठमांडूत तीन ठिकाणी स्फोट झाले, माझ्या फाइलमधून पुन्हा तीव्र निषेध. त्याच महिन्यात माओवादी सरकारातून बाहेर पडले, पुन्हा गंभीर चिंता. ३ मार्च २००८ ला छावणी बघून परत येताना मिशनचं हेलिकॉप्टर रामेछापच्या डोंगरात पडलं, आत दहा माणसं होती, एकही वाचलं नाही. चार ओळी. त्यांच्यासाठी निषेध पण करता येत नव्हता, अपघात तो, तर शोक अशी दुसरी फाइल नव्हती माझ्याकडे.

निवडणुकीला दाजू गावी जाणार होता. पुष्पकने लखनऊ, तिथून बसने गौरीफंटा, बॉर्डर ओलांडून धनगढी, मग वर डोंगरात आणखी एक दिवस. सोसायटीने सुट्टी दिली नाही, बदली वॉचमन मिळेना. कमिटीच्या मीटिंगमध्ये एक काका म्हणाले, "त्याच्या एका मताने काय नेपाळ बदलणारे?" आणि सगळे हसले. मीही तिथे होते. दाजूने त्या दिवशी गच्चीच्या रजिस्टरमध्ये कोणाचीच एंट्री केली नाही, एवढाच त्याचा निषेध.

मला हेही लिहायला हवं की ते मोजणं काही धुतल्या तांदळाचं नव्हतं. मिशनने पडताळणी करून लढवय्यांचा आकडा ठरवला १९,६०२. मे २००९ मध्ये एक व्हिडिओ बाहेर आला, शक्तिखोरच्या छावणीत प्रचंड आपल्याच माणसांना सांगतायत की खरे आपण सात-आठ हजारच होतो, आकडा फुगवून दाखवला. म्हणजे वही घेऊन बसलेल्यांनाही गंडवलं. आणि २००८ च्या मे महिन्यात त्याच छावणीत काठमांडूच्या एका व्यापाऱ्याला पकडून नेऊन मारलं, दिवे-कॅमेरे सगळे कंटेनरवर, माणसावर कोणाचं लक्ष? मिशन १५ जानेवारी २०११ ला गाशा गुंडाळून गेलं, तेव्हाही छावण्या तशाच होत्या, त्या सैन्याच्या ताब्यात गेल्या एप्रिल २०१२ मध्ये.

पण आकड्यांचं मला खरं समजलं ते चायनीजच्या गाडीवर.

दाजूचा पुतण्या. त्याच्याबद्दल दाजू आधी कधीच बोलला नव्हता, बोलला तो एकदम २०१० मध्ये, "मेरे भाई का लड़का आ रहा है, कहीं काम पे लगाने का है." गावात माओवाद्यांनी घरटी एक माणूस मागितला होता, मोठा भाऊ मुंबईत, म्हणून हा गेला, तेरा-चौदा वर्षांचा असताना. मग करार झाला, कैलालीच्या छावणीत राहिला. पडताळणीच्या वेळी टेबलामागे बसलेल्या माणसाने जन्मतारीख विचारली. २५ मे १९८८ नंतर जन्मलेले म्हणजे युद्धबंदीच्या वेळी अल्पवयीन, ते यादीतून बाद. याला कमांडरने जुनी तारीख पाठ करून दिली होती, ती हा बोललाही, पण मग त्यांनी विचारलं शाळेत कितवीत होतास, कोणत्या साली, बहीण किती मोठी, आणि हा गडबडला. बाद झालेल्यांना कागदावर नाव दिलं, अयोग्य लडाकू. लढताना योग्य होता. अयोग्य ठरल्यावरही दोन वर्षं त्याच छावणीत ठेवलं, २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सोडलं. नंतर जे योग्य ठरले आणि स्वतःहून निवृत्त झाले त्यांना पाच ते आठ लाख नेपाळी रुपये मिळाले, अयोग्यांना ते नाही.

दोनेक वर्षांनी त्याने स्टेशनच्या बाहेर गाडीवर काम धरलं, कोबी चिरायचा. कोबी इतका बारीक आणि इतका भराभर चिरायचा की लोक ऑर्डर द्यायचं विसरून बघत राहायचे, आणि चिरताना खाली सुरीकडे बघायचाच नाही, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे बघत असायचा, म्युनिसिपालटीची गाडी येतेय का.

तोवर मी पेपर सोडून दिला होता. एकदा पार्सल घ्यायला थांबले, गर्दी नव्हती, दाजूने आधीच सांगितलेलं असणार की ताई पेपरात होती. कढई पुसता पुसता त्याने विचारलं, आमची बातमी आली होती का तुमच्याकडे, आम्हाला सोडलं तेव्हाची. आली होती. मला हेडिंगसुद्धा आठवत होतं कारण ते बसवायला त्रास झाला होता, 'चार हजार माओवाद्यांची छावण्यांतून सुटका', सिंगल कॉलमला तीन डेक, म्हणजे तीन ओळी. मी तसंच सांगितलं.

"चार हजार आठ," तो म्हणाला.

मी म्हटलं, हो, पण हेडिंगमध्ये बसत नव्हतं, म्हणून आठ काढले.

त्याने मान हलवली, म्हणजे समजलं अशी, आणि पार्सलमध्ये शेजवानची चटणी जास्त घालू का विचारलं.